बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियमचा हिशेब मांडा : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंटांना खुलं पत्र

प्रति,
रीजंट्स मंडळ (विद्यापीठाचं नियामक मंडळ), युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया
आणि माननीय चॅन्सलर, बर्कली

सविनय नमस्कार.

बर्कलीच्या फुटबॉल स्टेडियमच्या, म्हणजे कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियमच्या, नूतनीकरणाचं कर्ज नेमकं कोण फेडतंय, हे मी आपल्याला जाहीरपणे विचारते आहे. काम मंजूर होत होतं तेव्हा शंका काढणाऱ्यांना ठरलेलं उत्तर मिळायचं : यात सरकारी पैसा नाही, विद्यार्थ्यांची फी नाही, खेळाचा खर्च खेळच भागवेल. २०१२ मध्ये स्टेडियम पुन्हा उघडलं आणि २०१८ मध्ये त्या कर्जाचा निम्म्याहून जास्त भार बर्कलीच्या मुख्य तिजोरीने अंगावर घेतला. आता २०२५ च्या जुलैपासून अमेरिकेतल्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागलाय, वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर. खेळाडूंना पैसे मिळावेत हे मला मान्यच आहे. त्यांच्याच अंगमेहनतीवर हा सगळा पसारा उभा आहे. पण नवा खर्च दारात उभा असताना जुन्या कर्जाचं काय झालं, हे साध्या माणसाला कळेल अशा भाषेत आपण सांगत नाही. म्हणून हे पत्र.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहिते आहे ते पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या करणाऱ्या आईवडिलांसाठी. बर्कलीत पदवीसाठी कॅलिफोर्नियाबाहेरून येणाऱ्या मुलांना मूळ फीच्या वर वर्षाला तीस हजार डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागते. माझी भाची आत्ता तिथे दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांनी राहता फ्लॅट तारण ठेवलाय. तो पैसा ज्या तिजोरीत जातो, त्याच तिजोरीतून स्टेडियमचं व्याज जात असेल, तर ते किती हे विचारायचा हक्क त्यांनाही आहे.

मी स्वतः बर्कलीची माजी विद्यार्थिनी आणि व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, घरंच्या घरं जमीनदोस्त झाली. माझा जन्म त्याच्या नंतरचा, पण आमच्या घरात अजूनही लग्नं, बारशी, जमिनीचे व्यवहार हे सगळं ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असंच सांगितलं जातं. धरणाची भिंत उभी राहिली, मात्र तिला वरच्या भागात, मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीवर, तडे गेले. ते तिथेच का गेले याचा गणिती उलगडा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत झाला, प्रा. अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या हातून. कराडला इंजिनिअरिंग शिकताना हे वाचलं आणि तिथे जायचं मनाने घेतलं. आमच्या खोऱ्याचं दुखणं ज्या विद्यापीठाने समजून घेतलं, त्याच्याबद्दल मला काय वाटतं हे वेगळं सांगायला नको. तक्रारही मी त्याच आपलेपणाने करते आहे.

हे स्टेडियम काय आहे, ते आधी वाचकांना थोडं सांगायला हवं. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडू हातात धरून पळण्याचा. पहिल्या महायुद्धात जीव गमावलेल्या कॅलिफोर्नियातल्या माणसांचं स्मारक म्हणून हे स्टेडियम लोकवर्गणीतून बांधलं गेलं. आराखडा जॉन गॅलेन हॉवर्ड यांचा, डोळ्यांसमोर नमुना रोमच्या कलोझियमचा. जागा निवडली ती टेकड्यांच्या कुशीतली, स्ट्रॉबेरी कॅनियनच्या तोंडाशी. या निवडीला गावकऱ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी तेव्हाच विरोध केला होता, आणि खुद्द हॉवर्ड यांच्याही मनात शंका होत्या. तरी काम रेटलं गेलं. सोन्याच्या खाणींत वापरायचे तसे पाण्याचे जोरदार फवारे मारून डोंगर फोडला, ओढा जमिनीखालच्या नळात घातला, पूर्वेची निम्मी बैठक डोंगराच्या अंगावर मातीच्या भरावात बसवली आणि पश्चिमेची निम्मी काँक्रिटची भिंत चढवून उभी केली. २४ नोव्हेंबर १९२३ ला पहिला सामना झाला. बर्कलीने स्टॅनफर्डला ९-० ने हरवलं.

त्या काळचे प्रशिक्षक अँडी स्मिथ. त्यांचे संघ ओळीने पन्नास सामने हरले नव्हते. १९२६ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी विमानातून याच मैदानावर विखुरल्या. २३ मार्च १९६२ ला राष्ट्राध्यक्ष केनेडी इथे बोलले, ऐकायला ऐंशी हजारांहून जास्त लोक आले होते. आणि २० नोव्हेंबर १९८२ चा तो शेवटचा डाव! चार सेकंद उरलेले, बर्कली मागे, खेळाडूंनी एकमेकांकडे पाच वेळा चेंडू फेकला, सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात उतरलेला. त्या वादकांच्या गर्दीतून केव्हिन मोएन पळत गेला आणि रेषेपलीकडे एका ट्रॉम्बोनवाल्यावर जाऊन आदळला. २५-२०. इथल्या माणसाला त्या डावाबद्दल विचारा, जेवण गार झालं तरी तो थांबत नाही.

विद्यार्थी असताना माझ्याकडे तिकिटाला पैसे नसायचे. स्टेडियमच्या पूर्वेला टाइटवॉड हिल आहे, तिथे चढून बसलं की फुकट सामना दिसतो. तिथेच तोफ ठेवलेली असते, बर्कलीने गुण केला की ती उडते. मी पहिला सामना तिथून पाहिला. नियम कळत नव्हते, म्हणून शेजारी बसलेल्या एका निवृत्त पोस्टमनने सगळे समजावले. पुढची दोन वर्षं तो दिसला की आधी विचारायचा, ‘हा नियम सांग बघू’.

पण माझ्यासारखीला या स्टेडियमची ओढ लागली ती त्याच्या खालच्या जमिनीमुळे. हेवर्ड फॉल्ट म्हणजे जमिनीतली मोठी भेग, ती या मैदानाच्या खालून जवळजवळ गोलपोस्टपासून गोलपोस्टपर्यंत जाते. ती नुसती भूकंपाच्या वेळी हलते असं नाही. ती रोज सरकते, वर्षाला साधारण पाच मिलिमीटर. पश्चिमेची बाजू वायव्येकडे, पूर्वेची तिच्या उलट. १९२३ पासून २०१० पर्यंत स्टेडियमचे दोन भाग एकमेकांच्या बाजूने फूटभराहून जास्त सरकले होते. दक्षिणेच्या टोकाला केके नावाचा बैठकीचा विभाग होता. तिथल्या बाहेरच्या भिंतीत एक सांधा होता आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना मिळत नव्हत्या. एक कड पुढे, एक मागे, मधे माझा तळहात सहज मावायचा. खाली काही खांब तिरके झालेले दिसायचे. आमच्या वर्गाला तिथे नेलं होतं. त्या सांध्यात हात घालून मी उभी होते आणि मला आजीच्या घराच्या मागची भिंत आठवत होती. १८६८ च्या ऑक्टोबरमध्ये या फॉल्टवर शेवटचा मोठा भूकंप झाला. भूगर्भशास्त्रज्ञांनी खणून काढलेल्या पुराव्यांवरून असे भूकंप साधारण दीडशे वर्षांच्या आत-बाहेर येतात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

या अशा जागी ७० हजार माणसं बसवणं धोक्याचं होतं, आणि दुरुस्ती गरजेची होती. हे मी इंजिनिअर म्हणून ठामपणे सांगते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे त्यावरून कुणी मला नूतनीकरणाच्या विरोधातली समजू नये. १९७२ पासून कॅलिफोर्नियात कायदा आहे, फॉल्टवर नवी इमारत बांधता येत नाही आणि जुनीत फेरबदल करायचे तर ते तिच्या मूल्याच्या निम्म्याच्या आत. पण हे ऐतिहासिक स्टेडियम पाडून दुसरीकडे नेणं कुणालाच नको होतं; २००६ मध्ये त्याची राष्ट्रीय वारशाच्या यादीत नोंदही झाली. मग काम झालं ते असं : बाहेरची जुनी भिंत जागेवर ठेवली, आतली पश्चिमेची बैठक पाडून नवी बांधली. आणि फॉल्ट जिथून जातो तिथले बैठकीचे तुकडे बाकीच्या स्टेडियमपासून कापून वेगळे केले. त्यांच्या खाली वाळूचे आणि प्लास्टिकचे थर आहेत. जमीन फाटली तर हे तुकडे आडवे सहा फूट आणि उभे दोन फूट सरकू शकतील, घरात जड कपाट पोत्यावर ठेवून सरकवतात तसे, आणि शेजारच्या बैठकीला धक्का लागणार नाही. जमीन हलणार हे कबूल करून बांधलेलं हे काम आहे. मी आजही तरुण इंजिनिअरांना ते दाखवायला नेते. डिझाइन करणाऱ्यांना माझा मनापासून सलाम.

मात्र हीच कबुली पैशाच्या बाबतीत दिसली नाही. पहिली तक्रार ती, आणि तीच सगळ्यात मोठी.

स्टेडियमला ३२ कोटी १० लाख डॉलर, त्याला लागून खेळाडूंच्या नव्या प्रशिक्षण केंद्राला १५ कोटींच्या वर. यासाठी काढलेलं कर्ज ४४ कोटींच्या घरात. फेडायची योजना काय होती? मधल्या, उत्तम दिसणाऱ्या जागा चाळीस-पन्नास वर्षांच्या हक्काने विकायच्या, एकेक जागा चाळीस हजार डॉलरपासून दोन लाखांच्या वर. त्यातून मोठा निधी उभा राहील आणि त्याच्या उत्पन्नावर हप्ते जातील. ही कल्पना २००८ च्या मंदीच्या पाठोपाठ बाजारात आणली, आणि घेतलेली जागा मधेच सोडायची मोकळीकही ठेवली. अपेक्षेइतक्या जागा गेल्या नाहीत. स्टेडियम उघडल्याच्या वर्षी संघ तीन सामने जिंकला, पुढच्या वर्षी एक जिंकला आणि अकरा हरला. हरणाऱ्या संघासाठी दोन लाख डॉलर कोण मोजणार? कर्जाची आखणी अशी की सुरुवातीची वीस वर्षं फक्त व्याज, वर्षाला पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास. मुद्दल सुरू होणार २०३२ ला. त्यातल्या काही रोख्यांची मुदत शंभर वर्षांची आहे.

मी एकदा एका मोठ्या पुलाच्या कामावर होते. तिथे आम्ही वाऱ्याचा, रहदारीचा, भूकंपाचा भार धरतो तेव्हा वाईटातला वाईट आकडा धरतो. बरी वेळ येईल असं गृहीत धरून कुणी खांब उभारत नाही. या कर्जात मात्र सगळे भार चांगल्या वेळेचे धरले गेले : संघ जिंकत राहील, श्रीमंत चाहते वाढत राहतील, टीव्हीचा पैसा वाढत राहील. झालं उलट. ज्या परिषदेत, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या ज्या गटात, बर्कली शंभरहून जास्त वर्षं खेळली ती मोडली, आणि २०२४ पासून संघ अटलांटिक किनाऱ्यावरच्या परिषदेत खेळतो, तिथे पहिली सात वर्षं टीव्हीच्या उत्पन्नाचा जेमतेम तीस टक्के वाटा मिळणार. मुलं सप्टेंबरात फ्लोरिडाला सामना खेळायला जातात, विमानाने देश ओलांडून, आणि सोमवारी वर्गात बसतात.

२०१८ चा निर्णय मला पूर्ण चुकीचा वाटत नाही, हेही सांगते. भूकंपापासून माणसं वाचवायचं काम हे विद्यापीठाचं काम आहे, नुसत्या फुटबॉलचं नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण खरा होता तर तो २००९ मध्ये करायला हवा होता. लोकांना सांगायला हवं होतं की एवढा भाग सुरक्षेचा, तो सगळ्यांचा. एवढा भाग आलिशान बैठकीचा आणि क्लबचा, तो खेळाचा. तेव्हा सगळं खेळाच्या नावावर दाखवलं आणि न पेलल्यावर निम्मं सगळ्यांच्या नावावर केलं. आणि याच आवारात एव्हान्स हॉल आहे, गणित विभागाची दहा मजली इमारत, भूकंपाच्या दृष्टीने निकृष्ट ठरलेली. तिथे मुलं वर्षानुवर्षं रोज तास करत आली. फुटबॉलचं स्टेडियम घरच्या सामन्यांना वर्षातून सहा-सात वेळा भरतं. आधी कुठली इमारत पक्की व्हायला हवी होती, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या मनातून तो कसा गेला?

दुसरी तक्रार नावाची. २०१३ च्या डिसेंबरमध्ये मैदानाचं नाव काबाम या मोबाइल गेमच्या कंपनीला विकलं गेलं, पंधरा वर्षांसाठी, १ कोटी ८० लाख डॉलरना. तो करार मुदतीआधीच संपला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेच मैदान एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीला दहा वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख डॉलरना दिलं आणि पैसे क्रिप्टो चलनात घ्यायचं ठरलं. सव्वा वर्षात, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, ती कंपनी दिवाळखोरीत गेली. मैदानावर रंगवलेलं नाव पुसायला माणसं लावावी लागली. स्टेडियमचं नाव शाबूत राहिलं हे खरं, आणि त्याबद्दल आभार. पण ज्या मैदानावर अँडी स्मिथ यांच्या अस्थी विखुरल्या, जिथे युद्धात गेलेल्यांची आठवण ठेवायची म्हणून लोकांनी वर्गणी दिली, ते मैदान दर काही वर्षांनी नव्या कंपनीला भाड्याने द्यायचं? आमच्याकडे गावातल्या हुतात्मा स्तंभाला कुणी दुकानाची पाटी लावली तर गाव गप्प बसणार नाही. इथेही माणसं तीच आहेत.

तिसरी गोष्ट झाडांची. प्रशिक्षण केंद्रासाठी स्टेडियमच्या पश्चिमेची ओकची राई तोडायची ठरली तेव्हा २००६ च्या डिसेंबरपासून माणसं झाडांवर चढून बसली, ती सुमारे एकवीस महिने. शहर कोर्टात गेलं, टेकडीवरचे रहिवासी गेले. २००८ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचे लोक खाली उतरले आणि राई गेली. माझं त्या आंदोलकांशी सगळं पटत नव्हतं. पण त्या दोन वर्षांत शहर आणि विद्यापीठ यांच्यात जो विश्वास तुटला, तो नंतर सांधायचा काही गंभीर प्रयत्न झाला असं मला दिसलं नाही. आजही स्टेडियमचा विषय काढला की गावातली जुनी माणसं आधी झाडांचं बोलतात.

आणखी एक. पैसे कमी पडले की गदा कुणावर येते तेही आपण पाहिलं आहे. २०१० च्या सप्टेंबरमध्ये बेसबॉल, जिम्नॅस्टिक्स, महिलांचं लॅक्रॉस हे खेळ बंद करायची आणि रग्बीचा दर्जा उतरवायची घोषणा झाली. स्टेडियमच्या कामाला हिरवा कंदील मिळाला त्याच वर्षी. लोकांनी देणग्या गोळा करून ते खेळ वाचवले. बंद होणार म्हणून जाहीर झालेला बेसबॉल संघ पुढच्याच वर्षी देशातल्या अंतिम आठांत पोचला. उद्या पुन्हा तंगी आली, आणि ती येणार आहे, तर ज्या खेळांना टीव्ही नाही त्यांच्याच मानेवर सुरी येईल अशी मला भीती आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायामीविरुद्धच्या सामन्याला मी भाचीला घेऊन गेले. स्टेडियम गच्च भरलेलं, पोरं पहाटेपासून रांगेत. आपण एका गुणाने हरलो, ३८-३९. भाची रडली. हे प्रेम खरं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. ते आहे म्हणूनच आपण खरं सांगितलं तर लोक ऐकतील, असा मला विश्वास आहे.

आता मागण्या.

स्टेडियमच्या कर्जाचा हिशेब दर वर्षी एका पानावर, साध्या भाषेत, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावा. एकूण देणं किती, या वर्षी व्याज किती गेलं, त्यातलं खेळाच्या उत्पन्नातून किती आणि मुख्य तिजोरीतून किती, मुख्य तिजोरीतला पैसा फीचा की देणग्यांचा की आणखी कशाचा, एवढं त्यात असू द्या. रोख्यांच्या जाडजूड कागदपत्रांत हे असतं, असं कृपया सांगू नका. ते आईबापांना वाचता येत नाही आणि वाचता यावं अशा रीतीने ते लिहिलेलंही नसतं.

२०३२ ला मुद्दल सुरू होईल, त्याची योजना २०२७ संपायच्या आत जाहीर करा, आणि तिच्यावर विद्यार्थी, प्राध्यापक, शहर यांची खुली सुनावणी घ्या. ती योजना करताना संघ हरतोय, टीव्हीचा वाटा वाढलेला नाही, असं धरून आकडे मांडा. बरं घडलं तर उत्तमच.

खेळाडूंच्या मोबदल्यासाठी किंवा स्टेडियमच्या हप्त्यांसाठी इतर कुठलाही खेळ बंद करणार नाही, असा ठराव करा. निदान, बंद करायचा विचार आला तर एक वर्ष आधी जाहीर सांगू, एवढं तरी लिहून द्या.

मैदानाचं नाव पुन्हा विकू नका. पैशाची गरज असेल तर क्लबच्या दालनांना, दिव्यांना, गुणफलकांना नावं द्या, कुणाची हरकत नाही. स्मारकाच्या जमिनीला नको.

भूकंपाच्या दृष्टीने निकृष्ट ठरलेल्या इमारतींची यादी आहे. तिच्या शेजारी प्रत्येक इमारतीसमोर काम कधी सुरू होणार ते वर्ष लिहा. हे मी हात जोडून मागते. कोयनेच्या माणसाला वर्गात बसलेल्या मुलांच्या डोक्यावर कुठलं छत आहे ते आधी दिसतं.

फॉल्टने सरकलेल्या अंतराचं मोजमाप स्टेडियमच्या दारात लावा, दर वर्षीचा आकडा. सामन्याला आलेल्या हजारोंना आपण कशावर बसलोय आणि हादरा बसला तर काय करायचं हे सामन्याआधी दोन मिनिटं पडद्यावर दाखवा. भूकंपशास्त्राची बर्कलीतली प्रयोगशाळा जगात नावाजलेली आहे, तिला हे काम आनंदाने करता येईल. आणि टाइटवॉड हिलवरून दिसणारं मैदान कुठल्याही पुढच्या बांधकामाने झाकू नका.

राईच्या बदल्यात कुठे, किती ओक लावले आणि त्यातले किती जगले, त्याची यादी शहराला द्या. तुटलेला विश्वास सांधायची सुरुवात इथून होऊ शकते.

रीजंटांच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ दिलेला असतो. पुढच्या बैठकीला मी नाव नोंदवून येणार आहे आणि याच मागण्या तिथे वाचणार आहे. ज्यांची मुलं बर्कलीत आहेत अशा बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) मराठी कुटुंबांपैकी काहींनी सोबत यायचं कबूल केलंय. महाराष्ट्रातल्या पालकांना येता येणार नाही, त्यांची पत्रं मी घेऊन येईन. आपलं उत्तर खाजगी नको, लेखी आणि जाहीर हवं. ते आलं की मी त्याचं मराठी भाषांतर करून इथेच, याच वाचकांसमोर ठेवीन, ते माझ्या बाजूचं असो वा नसो.

आपली नम्र,
बर्कलीची एक माजी विद्यार्थिनी
मूळ रहिवासी : पाटण तालुका, जिल्हा सातारा